निम्मी खूण

वायडनग्रुंडच्या सातजणांपैकी दोघेच उरले होते, आणि त्या दोघांतल्या एकाच्या नाकात प्राणवायूची नळी होती.

नळीवाला तो ट्राउगॉट रुम्पेल, वरच्या आळीतला. दुसरा बुर्कार्ड श्राउट, खालच्या आळीतला. मे महिन्यातल्या एका दुपारी बुर्कार्ड धापा टाकत चढ चढून ट्राउगॉटकडे गेला, तेव्हा तो खिडकीशी बसून शतावरीचे पांढरे कोंब सोलत होता. दवाखान्यातून नुकताच घरी आला होता. सिलिंडर खुर्चीला टेकून राखणीच्या कुत्र्यासारखा उभा होता.

“मेलो का ते बघायला आलास?” ट्राउगॉट म्हणाला.

“छे. शतावरी किती उरलीय ते बघायला,” बुर्कार्ड म्हणाला आणि टोपी काढून समोर बसला.

दोघांचं आयुष्यभराचं बोलणं हे असंच. मैत्री म्हणावी तर कधी एकमेकांच्या घरी जेवले नव्हते, आणि वैर म्हणावं तर गावातले निम्मे बांध दोघांनी मिळून घातलेले. बांधावर हद्दीचा दगड बसवायचा तो सातजणांनी, ही या मुलखातल्या गावांची फार जुनी चाल. एकदा शपथ घेतली की मरेपर्यंत सुटका नाही. दगड सगळ्यांना दिसतो, पण त्याच्या खाली मातीत एक खूण असते: खापरीचे आणि काचेचे तुकडे, एका ठरावीक रीतीनं मांडलेले. कोणी बांध कोरला, दगड गुपचूप शेजाऱ्याच्या रानात ढकलला, तर दगड सरकतो, खूण सरकत नाही. ढकलणाऱ्यानं स्वतः तुकडे मांडून ठेवले तरी ते चुकतातच, कारण रीत त्याला माहीत नसते. ती फक्त सातजणांना माहीत. ती लिहायची नाही, बायकोला सांगायची नाही, कन्फेशनला पाद्र्यापुढेसुद्धा बोलायची नाही.

इतर गावांत सगळ्या सातांना सगळी खूण ठाऊक असे. वायडनग्रुंडची गोष्ट वेगळी होती. हे गाव एके काळी दोन धन्यांचं. वरची आळी एका सरदाराची, प्रोटेस्टंट. खालची बिशपची, कॅथलिक. दोन्ही धन्यांचा एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी खूणच अर्धी अर्धी वाटून घेतली. निम्मी वरच्या आळीच्या माणसांना ठाऊक, निम्मी खालच्या. खड्डा खणला की आधी वरचा गुडघ्यांवर बसे आणि बाकीचे पाठ करून उभे राहत. तो आपले तुकडे मांडी, त्यावर कौल झाकी आणि उठे. मग खालचा बसे आणि कौलाला लागून आपले तुकडे मांडी. दोन्ही निम्म्या एकाच माणसाला ठाऊक होऊ नयेत, ही पहिली शपथ. सरदार गेला, बिशपाचं राज्य गेलं, दोन आळ्यांची मिळून एक पंचायत झाली. पुढं सरकारनं छोट्या छोट्या पंचायती मोडल्या, तेव्हा शेजारच्या शहराच्या कचेरीखाली जाऊन का होईना, पण वायडनग्रुंड आपल्या नावानिशी वाचलं. खूण मात्र निम्मी-निम्मीच राहिली.

ट्राउगॉट गेला की वरची निम्मी जाणार होती. आणि ती गेली की खालची निम्मी म्हणजे नुसत्या खापऱ्या. बुर्कार्ड चढ चढून आला होता तो एवढ्यासाठी.

बुर्कार्डकडे तसं दुसरं काही राहिलंही नव्हतं. त्याचा बाप सातांतला होता. बुर्कार्ड पोरगा असताना गावात तुकडेजोड झाली. चिंधड्यांसारख्या पट्ट्या एकत्र करून सरळ, मोठी रानं आखली गेली. सगळे जुने दगड उपटले, नवे बसवले. तो सगळा हिवाळा बाप गुडघ्यांना पोती बांधून शेतात होता आणि घरी येऊन चुलीपुढं गुडघे शेकत बसे. बाप असतानाच सातांतली एक जागा मोकळी झाली आणि गावानं बुर्कार्डला नेमलं. पुढं बायको ओटिली गेली, गाई विकल्या, रानं शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याला खंडानं दिली. पण अजूनही त्याला गाडीतून कुठं नेलं तर तो देखावा बघत नसे. गवतात कुठं दगडाचं डोकं दिसतं का ते बघे.

सरपंच गेर्लिंड ओक्सनर दिवसा शहरातल्या बेअरिंगच्या कारखान्यात कामाला असे आणि उरलेल्या वेळात गाव चालवी. तिनं त्याला नीट समजावलं होतं. कायद्याला निदान चार माणसं लागतात. तुम्ही स्वतः नेमली नाहीत तर पंचायत कोणालाही नेमेल, नाहीतर शहरातले लोक ते काम अंगावर घ्यायला तयार आहेत. आणि खुणेचं म्हणाल तर मोजणीवाल्यांकडे उपग्रह आहे. बुर्कार्डनं वाद घातला नाही. उपग्रहाबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्यानं एवढंच विचारलं की माणसं आम्ही आणली तर चालेल ना? गेर्लिंड म्हणाली, आणा की.

ट्राउगॉटचा मुलगा न्युर्नबर्गला होता. तो फोनवर हसला आणि म्हणाला की मला तिथला बाप सांभाळता येईना, दगड कुठून सांभाळू. वरच्या आळीत बाकी शहरात नोकरीला जाणारी माणसं. सकाळी अंधारात निघायची, संध्याकाळी अंधारात यायची. उरली बुर्कार्डची स्वतःची मुलगी आफ्रा. ती शाळेची बस चालवी. तिचं लग्न वरच्या आळीत झालं होतं. नवरा निघून गेला, घर तिच्याकडे राहिलं. ज्याची चूल ज्या आळीत, तो त्या आळीचा, असा जुना नियम होता.

बुर्कार्डनं त्या दिवशी तिचं नाव काढलं तेव्हा ट्राउगॉटनं सुरी खाली ठेवली.

“कॅथलिक पोरीला सरदाराची खूण देऊ?”

“तुमच्याच देवळात लग्न लागलंय तिचं.”

“आणि मोडलंय कुठं?”

“तेही तुमच्याच आळीत.”

ट्राउगॉट हसला, मग खोकला, मग बराच वेळ खोकत राहिला. श्वास परत आला तेव्हा म्हणाला, “घेऊन ये तिला. तिच्या आजेसासऱ्यानं माझ्या बापाला खूण सांगितली होती. घर चांगलं आहे.”

आफ्रा आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, तुझ्यासाठी घेते शपथ, बाबा, पण मग उगाच थांबायचं कशाला? ट्राउगॉट अजून नीट बोलतोय, त्याचं डोकं शाबूत आहे, उद्याच सांगू दे त्याला. यावर दोन्ही म्हाताऱ्यांनी एकाच तोंडानं नाही म्हटलं. दोघांचं एकमत झालेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं. सातांतला नवा माणूस शपथ घेतो तो शरदात, संत गालुसच्या दिवशी. शपथेआधी खूण सांगता येत नाही. आणि सांगायची ती घरात नाही, बांधावर, दगडाशी, पाय मातीला टेकलेले असताना.

म्हणून ते थांबले. जून गेला, चेरी संपल्या, गव्हाची कापणी झाली. ट्राउगॉट दोनदा दवाखान्यात जाऊन आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा थोडा फुगलेला, थोडा गप्प होता. बुर्कार्ड भेटायला गेला की तो सिलिंडरकडे बोट दाखवून म्हणे, हा माझ्यापेक्षा जास्त बोलतो. बुर्कार्डला बरं वाटे. थट्टा करतोय म्हणजे ठीक आहे.

संत गालुसच्या दिवशी पंचायतीच्या खोलीत, म्हणजे आगीच्या बंबाच्या शेडवरच्या खोलीत, गेर्लिंडनं आफ्राला शपथ दिली. ट्राउगॉटला खुर्चीसकट चौघांनी वर आणला होता. बाहेर वारा होता, पाऊस भुरभुरत होता. गेर्लिंड म्हणाली की खूण इथंच सांगून टाका, मी बाहेर जाते, हीटर चालू आहे. दोन्ही म्हाताऱ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं आपला कोट घातला.

आफ्राच्या बसला चाकाच्या खुर्चीसाठी उतरती फळी होती. ती त्यांना घेऊन बर्चच्या टेकाडाखालच्या तीन बांधांच्या दगडाशी गेली. बुर्कार्डनं आणि तिनं मिळून खुर्ची ओल्या गवतातून ओढत नेली. ट्राउगॉटचे बूट काढले आणि पाय मातीवर टेकवले. मग बुर्कार्ड वीस पावलं दूर जाऊन पाठ करून उभा राहिला.

त्याला शब्द ऐकू येणार नव्हते, यायला नको होते. वारा होता आणि सिलिंडरची बारीक फुसफुस होती. खाली गाव दिसत होतं, दोन आळ्या, दोन देवळं. त्याला वाटलं होतं बराच वेळ लागेल. त्याला स्वतःला खालची निम्मी शिकायला बापापाशी अख्खी सकाळ लागली होती. आफ्रानं लवकरच हाक मारली.

तो वळला तेव्हा ती वाकून ट्राउगॉटला मोजे घालत होती. तिनं मान वर केली नाही. ट्राउगॉट मात्र प्रसन्न दिसत होता.

“झालं,” तो म्हणाला. मग बुर्कार्डकडे बघून आपुलकीनं विचारलं, “काय रे, ओटिली कशी आहे? दिसली नाही देवळात.”

ओटिलीला जाऊन कैक वर्षं झाली होती. “छान आहे,” बुर्कार्ड म्हणाला. “तुझी शतावरी मागत होती.” ट्राउगॉटची थट्टा कधी कधी अशी जरा कडू असे, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि खुर्ची ढकलायला लागला.

ट्राउगॉट ख्रिसमसच्या आधी गेला. पेटी उचलायला वरच्या आळीत माणसं पुरेनात, म्हणून खालच्या आळीतून मागवावी लागली.

आता खालची निम्मी उरली होती, आणि तिचा प्रश्न अवघड होता. आफ्राला ती सांगता येत नव्हती. वरची तिच्याकडे होती. हिवाळाभर बुर्कार्ड खालच्या आळीत दारं ठोकत फिरला. निम्मी घरं शनिवार-रविवारची, पडदे ओढलेली. एका तरुण जोडप्यानं त्याला बसवलं, कॉफी आणि आलुबुखाराचा केक दिला, सगळं ऐकून घेतलं आणि फार सुंदर परंपरा आहे म्हणाले. मग त्या पोरानं विचारलं की याचा फोटो काढून ठेवला तर नाही चालणार का? बुर्कार्डनं केक संपवला आणि उठला. खाटीकखान्याच्या मालकानं सांगितलं की गुडघे गेलेत. खंडानं रानं घेणाऱ्या शेतकऱ्यानं सांगितलं की सगळी रानं मीच कसतो, मला बांध कशाला?

आफ्रा त्याच्यासाठी दर रविवारी जेवण घेऊन येई. एकदा बटाट्याचे गोळे वाढता वाढता ती म्हणाली, “बाबा, मला सांग ना तुझी. एवढी वणवण करण्यापेक्षा.”

“दोन्ही एकीकडे जात नाहीत.”

“एकीकडे नाही गेल्या तर कुठंच जाणार नाहीत.”

“शपथ आहे.”

“कोणाला घेतलेली? सरदाराला? बिशपाला?” ती म्हणाली. मग डाव तसाच धरून उभी राहिली. तिला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, असं त्याला वाटलं. पण ती म्हणाली, “रस्सा घे, गार होईल.”

मार्चच्या सुरुवातीला लाकडं ओढणाऱ्या यंत्रानं ओढ्याकाठचा एक दगड उपटून टाकला. मोजणीवाले आले, त्यांच्या पिवळ्या काठीनं जागा दाखवून गेले. दगड तेवढा तुम्हीच बसवा, म्हणाले. म्हातारा माणूस, त्याचं मन का मोडा, असा त्यांचा भाव होता. त्यांच्यापैकी एकानं बुर्कार्डला खांद्याला धरून ओढ्याचा उतार उतरवला.

ते गेल्यावर बाप आणि लेक दोघंच राहिली. आफ्रानं खड्डा खणला. ती कामाला वाघ होती. बुर्कार्डनं तिला कौल दिलं आणि पाठ केली. लेकीला पहिल्यांदा गुडघ्यांवर बसायला लावून त्यानं पाठ केली, तेव्हा त्याचा ऊर भरून आला. आजवर त्याला वाटत होतं की हे दिसणारच नाही आपल्याला.

मग तो ऐकू लागला. मुद्दाम नाही, कान बंद करता येत नाहीत. ट्राउगॉटकडे पाठ करून तो उभा राहत आला होता ते एका पिढीहून जास्त. काय मांडतो ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण कसं ऐकू येतं ते त्याच्या अंगात मुरलं होतं. आधी काच काचेला लागल्याचा बारीक आवाज. मग सुरीनं माती खरवडल्याचा, लांब, एका दमात. मग खापरीवर बोटाच्या पेरानं दोन टिचक्या. त्यानंतर कौल. आणि ट्राउगॉटच्या आधीचा म्हातारा मांडत असे, तेव्हाही हेच, याच क्रमानं.

आफ्राच्या बाजूनं तुकडे एकत्र ओतल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. ओढा वाहत होता. मग पुन्हा तुकडे हलवल्याचा आवाज, जसे चहाच्या टेबलावर कोणी उगाच चमचे इकडचे तिकडे करतं तसा. मग बराच वेळ शांत. मग कौल.

“झालं,” ती म्हणाली.

बुर्कार्ड वळला. ती त्याच्याशेजारून निघून गेली आणि ओढ्याकडे तोंड करून उभी राहिली. तो गुडघ्यांवर आला. समोर कौल होतं, ओल्या मातीत चांगलं बसवलेलं, कडेला तिच्या बोटांचे ठसे. आता फक्त त्याची निम्मी, कौलाला लागून.

त्यानं कौलाच्या कडेखाली बोट घातलं.

नुसतं उचलायचं होतं. खाली काय आहे ते त्याला माहीत होतं: काही नाही. काचा आणि खापऱ्या, कशाही पडलेल्या. त्या टेकाडाशी ट्राउगॉटनं तिला काय सांगितलं असेल? ओटिलीबद्दल विचारलं असेल, नाहीतर तिला भलत्याच कोणाच्या तरी नावानं हाक मारली असेल. मे महिन्यात त्याला सगळं आठवत होतं. मे महिन्यात शतावरी सोलताना त्याची सुरी एकदाही अडखळली नव्हती. तेव्हा आपण दोघं काय म्हणालो? गालुसच्या दिवशी.

कौल उचललं तर ते बघितल्यासारखं होईल. आणि बघितलं तर खरं होईल. त्यानं बोट बाहेर काढलं, मातीला पुसलं. आपले तुकडे काढले आणि बापानं शिकवले तसे, एक एक करून, अगदी नीट मांडले. आयुष्यात इतके नीट त्यानं कधी मांडले नव्हते. वर माती दाबली. दोघांनी मिळून दगड बसवला. “दगड उभा आहे,” तो म्हणाला. असं म्हणायची रीत होती.

“उभा आहे,” आफ्रा म्हणाली.

बसमध्ये तिनं किल्ली फिरवली नाही. चाकावर दोन्ही हात ठेवून ती समोर बघत राहिली.

“उचलून पाहायचं होतंस, बाबा.”

“मी कसा पाहणार?”

“पाहायला हवं होतंस. मी मुद्दाम वेळ लावला, म्हणजे तुला समजेल. त्या दिवशी ट्राउगॉट मला—”

“आफ्रा,” तो म्हणाला. “शपथ घेतलीस. बोलू नकोस.”

“अरे पण काही नाहीच आहे बोलण्यासारखं.”

“मग नकोच बोलू.”

ती रडली नाही. तिनं बस सुरू केली, त्याला खालच्या आळीत दारापर्यंत सोडलं, आणि तो उतरताना म्हणाली की गुडघे शेकून घे. पुढच्या रविवारी ती जेवण घेऊन आली, त्याच्या पुढच्याही आली. बांधाचा विषय दोघांपैकी कोणी काढला नाही. ओढ्याकाठच्या त्या दगडावरून खंडकऱ्याचं यंत्र जपून वळण घेत असे, असं त्याला कोणीतरी सांगितलं.

एप्रिल लागला तेव्हा गेर्लिंड सरपंच कारखान्यातून परस्पर त्याच्या फाटकाशी आली. चेहरा फुललेला होता. खालच्या आळीत माणूस मिळाला होता. होल्गर टिमे, उत्तरेकडचा, शिंप्याचं जुनं घर घेऊन कायमचा राहायला आलेला. दात बनवायचं काम करतो, हात बारीक कामाला सरावलेले आहेत. त्यानं स्वतः होऊन विचारलं होतं. फोटोबिटो काही नको म्हणाला. तोंडीच शिकायचं, हेच त्याला आवडलं होतं. गालुसच्या दिवसापर्यंतही थांबायला लागू नये म्हणून तिनं जिल्हा कचेरीत विचारून घेतलं होतं. शपथ कधीही देता येते, कायद्यात दिवसाचं काही नाही, कधीच नव्हतं.

“कधीच नव्हतं?” बुर्कार्डनं विचारलं.

“नाही. आपलीच चाल ती. तर मग उद्या त्याला बांधावर पाठवू का तुमच्याकडे?”

बुर्कार्ड फाटकाच्या फळीला धरून उभा राहिला. माणूस चांगला होता यात शंका नव्हती. तो येईल, बूट काढून मातीवर उभा राहील, एकेक तुकडा लक्षात ठेवील. मग तीस वर्षं, चाळीस वर्षं, गुडघे जाईपर्यंत, दर वेळी कौलाला लागून आपली निम्मी मांडील, आणि कौलापलीकडे काय आहे ते त्याला कधी कळणार नाही. त्यालाही एक दिवस माणूस शोधत फिरावं लागेल.

“इतक्यात नको,” बुर्कार्ड म्हणाला. “जमीन अजून गोठलेली आहे. खणता येणार नाही.”

गेर्लिंडनं त्याच्याकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे शेजारीण वाफ्यात लवकरचे बटाटे लावत होती. फावडं मातीत सहज जात होतं.

“बरं,” गेर्लिंड म्हणाली. “पुन्हा विचारते मग.”

“विचार,” बुर्कार्ड म्हणाला, आणि आत गेला.